‘आत मुलगा आहे’ म्हणे!

माझी भाची सात वर्षांची आहे. तिला जन्मापासून सीएएच आहे, म्हणजे कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेशिया, ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार. दिवसातून तीनदा गोळी, ठरल्या वेळी रक्ततपासणी, आणि उरलेला सगळा वेळ अंगणात क्रिकेट. गेल्या रविवारी तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या वहिनीच्या आईंचा फोन आला. आवाज दबलेला. “अगं, तो मेसेज वाचलास का? गोळ्या महिनाभर बंद करून बघायच्या का?”

मेसेज मी वाचला होता. तीन ग्रुपांवर आला होता. त्यात पाच शोध आहेत: सीएएचच्या मुली मुळात मुलगेच असतात, गाड्यांशी खेळणं ही त्याची खूण, वयात आल्या की त्या ‘बदलतात’, हा बदल डॉक्टरांच्या स्टेरॉईडमुळे होतो म्हणून गोळ्या बंद करा, आणि मूळ कारण म्हणजे आईने गरोदरपणात ‘उष्ण’ खाल्लं.

गोळ्यांपासून सुरुवात करते. बाकीचे मुद्दे मन दुखावतात, हा जीव घेईल.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे जगायला लागणारं हार्मोन बनवतात. सीएएचच्या बहुतेक मुलांमध्ये त्यासाठी लागणारं २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम पुरेसं नसतं. कॉर्टिसोल दिसत नाही म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ‘आणखी बनवा, आणखी बनवा’ असा तगादा लावते, आणि तुंबलेला कच्चा माल अँड्रोजेनकडे वळतो. हेच ते ‘पुरुषी’ हार्मोन. बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे हीच ती गोळी, दिलं की तगादा थांबतो आणि अँड्रोजेन खाली येतं. गोळी बंद केली तर? अंगावर केस वाढतील, आवाज घोगरा होऊ शकेल, हाडांची वाढ आधी भराभर होऊन मग लवकर थांबेल आणि उंची खुंटेल. म्हणजे ज्याची भीती घालून हा मेसेज लिहिणारा गृहस्थ गोळी थांबवायला सांगतो, ते गोळी थांबवल्यानेच होतं.

आणि ‘स्टेरॉईड’ म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे जिममधला पोरगा येतो. ते वेगळं रसायन. ही गोळी म्हणजे शरीराला जे बनवता येत नाही त्याची भरपाई, जशी थायरॉईडवाल्यांची रोज सकाळची गोळी. फरक इतकाच की ती महिनाभर चुकली तर माणूस सुस्तावतो; आमची चुकली तर उलट्या, सोडियम खाली, पोटॅशियम वर, रक्तदाब आणि साखर कोसळलेली, आणि मग आयसीयू. तेही वेळेत पोचलो तर. सीएएचच्या गंभीर प्रकारातल्या सुमारे तीन चतुर्थांश बाळांच्या शरीरात मीठही टिकत नाही. आमचं बाळ सोळाव्या दिवशी असंच निपचित पडलं होतं. ताप आला तर या गोळीचा डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, बंद नाही.

आता गाड्यांचं. इथे मला थोडी माघार घ्यावी लागते, आणि ती मी नाखुशीने घेते, कारण समोरचा तेवढंच धरून बसणार. होय, गर्भात अँड्रोजेन जास्त मिळालेल्या मुली सरासरीने ‘मुलग्यांच्या’ खेळण्यांकडे जास्त वळतात. शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स या संशोधकांनी हे १९९२ मध्येच दाखवलं. आईवडीलच त्यांना मुलग्यासारखं वाढवत असतील, ही शंकाही पुढे तपासली गेली, तर निघालं उलटंच: आईबाप या मुलींना बाहुल्यांकडेच जास्त वळवत होते. पोरी ऐकत नव्हत्या, एवढंच.

पण बॅट आवडणं वेगळं आणि मी मुलगा आहे असं वाटणं वेगळं. हे ज्याला कळत नाही त्याने स्मृती मानधनाचा एखादा सामना बघावा.

दुसऱ्या गोष्टीचा आकडा हवा असेल तर तोही आहे. २००५ मध्ये डेसेन्स आणि सहकारी संशोधकांनी तोवर प्रसिद्ध झालेली प्रकरणं एकत्र करून पाहिली. एक्सएक्स (म्हणजे मुलींची) गुणसूत्रं, सीएएच, आणि मुलगी म्हणून वाढवलेल्या अशा २५० जणी. त्यातल्या २३७ जणींची ओळख स्त्रीचीच होती, म्हणजे जवळपास ९५ टक्के. या ओळखीबाबत गंभीर अडचण होती ती १३ जणांना. हे प्रमाण एरवीपेक्षा नक्कीच जास्त आहे, ते मी लपवत नाही. उद्या आमच्या घरातलं पोर त्या तेरांपैकी निघालं तर आम्ही त्याचं ऐकून घेऊ. त्याच्या आधी व्हॉट्सॲपने निकाल लावायची गरज नाही.

‘मुळात मुलगे’ याला तर उत्तरही देऊ नये. या मुलींना गर्भाशय असतं, बीजकोश असतात. जन्मतः बाह्य अवयव वेगळे दिसू शकतात, हे खरं. उपचार नीट चालू असतील तर पाळी येते, पुढे अनेकींना मुलंही होतात. वयात येताना ‘बदलणं’ वगैरे काही नसतं.

आणि वहिनीचं ‘उष्ण’ खाणं. वहिनीने नऊ महिने पपईकडे बघितलंसुद्धा नाही. दोष जनुकात असतो, एक प्रत आईकडून, एक बापाकडून. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. बापाचा अर्धा वाटा मेसेजमधून बरोबर गायब आहे! आणि हा काही कुठल्या दूरदेशीचा आजार नाही: मुंबईसह पाच शहरांत आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) लाखभर नवजात बाळं तपासली, तेव्हा ५,७६२ मागे एक असं प्रमाण निघालं.

आजींना हे सगळं फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय गं. तिथे एकीची नात आहे अशीच.”

म्हटलं, मेसेज नंतर काढा. आधी त्या बाईंना फोन लावा.