‘लागली’ म्हणणाऱ्याची नोकरी वाचवा

परवा ओळखीतले एक गृहस्थ फोनवर तावातावाने सांगत होते. मुंबईहून सुटणारं त्यांचं विमान दोन तास लटकलं, कारण सामान चढवणारी गाडी विमानाला घासली आणि इंजिनिअर तपासत बसले. “असल्या लोकांना आधी हाकलून द्यायला पाहिजे!” मी म्हटलं, अहो, गाडी घासल्यावर ज्याने तोंड उघडलं त्याचे आभार माना. तो गप्प बसला असता तर तुमचं विमान अगदी वेळेवर सुटलं असतं. त्यांना ते काही पटलं नाही.

गप्प बसल्यावर काय होतं? 26 डिसेंबर 2005 रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-83 विमान अमेरिकेतल्या सिएटलहून बरबँकला निघालं. निघण्यापूर्वी जमिनीवर त्याला सामान हाताळणाऱ्या गाडीचा धक्का बसला होता. चालवणाऱ्याने कुणालाच सांगितलं नाही. विमान साधारण 26 हजार फुटांवर पोचलं आणि मोठा आवाज होऊन केबिनमधला हवेचा दाब गेला, ऑक्सिजनचे मास्क लोंबायला लागले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून सिएटलला परत उतरवलं. पाहिलं तर उजव्या बाजूला फूटभर लांब, अर्धा फूट रुंद भोक. 140 प्रवासी होते, सगळे वाचले. धक्का दिल्याची कबुली त्यानंतर आली.

जमिनीवर तो नुसता पोचा होता, त्याचं भोक झालं ते आकाशात. प्रवासी विमानाचा पत्रा बऱ्याच जागी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असतो. वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ होते आणि आतली हवा त्या पत्र्याला बाहेर ढकलते, दर चौरस मीटरला पाच टनांपेक्षा जास्त जोराने. धड पत्रा हे रोज सोसतो. चिरलेला सोसेलच असं नाही. आणि पत्र्याचा पोचा निदान दिसतो तरी. ड्रीमलायनरसारख्या विमानांत वजनाच्या हिशेबाने निम्मा भाग कार्बन फायबरच्या थरांचा असतो. हे साहित्य मजबूत आहे, पण बोथट धक्का बसला की बाहेरून जागच्या जागी परत येतं आणि आतले थर मात्र सुटलेले असू शकतात. मग अल्ट्रासाउंड लावल्याशिवाय कळत नाही. आता अल्ट्रासाउंड लावायचं कुठे, हे धडकवणाऱ्याशिवाय सांगणार कोण?

“पण वैमानिक फेरी मारून बघतो ना?” बघतो. इंजिनिअरही बघतो. पण बहुतेक वेळा ही फेरी सामान चढत असतानाच उरकते. त्यानंतर शेवटच्या बॅगा चढतात, दार लागतं, गाडी मागे घेतात. तेव्हा काही घासलं तर ते घासणारा सोडून कुणाला दिसतच नाही.

माझा भाचा रॅम्पवर, म्हणजे विमानतळावर विमानं उभी राहतात त्या भागात, कामाला आहे. बेल्ट लोडर, म्हणजे सामान वर चढवणारी पट्ट्याची गाडी, विमानाला कसा लावायचा हे त्याने एकदा मला जेवणाच्या टेबलावर ताटवाट्या मांडून दाखवलं. विमान बेवर, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या जागेवर, उभं असलं तरी स्थिर नसतं. सामान उतरलं की वर उचललं जातं, इंधन भरलं, माणसं बसली की चाकांवर दबतं. म्हणून पट्टा दाराच्या काठाला टेकवायचा नाही, फट ठेवायची. जवळ जाताना आधी लांब थांबून ब्रेक दाबून बघायचा, मग पुढे यायचं, आणि खाली एकाने हाताने इशारे द्यायचे. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात इशारे देणारा गडी शेजारच्या बेवर बॅगा उतरवत असतो. जुलैच्या पावसात रेनकोटची टोपी पुढे ओढली की बाजूचं काही दिसत नाही, आणि लोडरला केबिन नसते. वर वॉकीटॉकीवर घाई. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सुटायची वेळ हुकली की विमान रांगेत मागे.

मी विचारलं, समजा लागलीच, तर सांगशील? तो म्हणाला, “मी सांगेन हो मामा. पण एकाने सांगितलं होतं. त्याचा पास तेव्हाच जमा करून घेतला. चौकशी होईपर्यंत ड्युटी नाही, आणि ड्युटी नाही तर पगार नाही.” विमानतळाचा पास गेला की त्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. बाकीच्यांनी त्यावरून काय धडा घेतला असेल?

या नोकरीची किंमत बघायची असेल तर जुलै 2024 मधली मुंबईत कालिनाची भरती आठवा. विमानात सामान चढवणाऱ्या लोडरच्या सुमारे बावीसशे जागा, पगार वीस-पंचवीस हजार, आणि फॉर्म हातात धरून एकमेकांना रेटणारी हजारो पोरं. त्या रेट्यातून ज्याला नोकरी मिळाली, त्याने ओरखड्यापायी ती पणाला लावावी अशी आपली अपेक्षा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला घासून गुपचूप निघून जाणारी मंडळी आपल्यातच आहेत, आणि तिथे तर नोकरीही जाणार नसते.

(मे 2025 मध्ये केंद्राने सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी काढून घेतली, तेव्हा ‘ग्राउंड हँडलिंग’ (विमान जमिनीवर असताना सामान वगैरे हाताळायची कामं) हा शब्द अख्ख्या मुंबईने ऐकला. चर्चा झाली ती तुर्कस्तानची. खाली राबणाऱ्यांच्या पाळ्या आणि करार यांच्याबद्दल चकार शब्द नाही.)

माझं म्हणणं असं की, धक्का बसल्याचं ताबडतोब सांगणाऱ्याचा पास आणि पगार चौकशी संपेपर्यंत शाबूत राहिला पाहिजे, आणि हे ठेकेदाराच्या करारातच लिहिलेलं असलं पाहिजे. दारू पिऊन किंवा मोबाइल बघत गाडी चालवली तर खुशाल काढा. लपवलं तर नक्कीच काढा. “अशाने बेफिकिरी वाढेल” हा आक्षेप मला पोकळ वाटतो. भीतीने धक्के थांबले असते तर ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने 2035 पर्यंत जमिनीवरच्या नुकसानीचा जगभरचा खर्च वर्षाला 10 अब्ज डॉलरच्या जवळ जाईल असा अंदाज कशाला मांडला असता? आणि प्रत्येक बेवर कॅमेरा हवाच, पण तो पाहणारा माणूसही हवा.

ही पोस्ट टाकू नकोस असं ताईचं म्हणणं होतं. पोराच्या साहेबांनी वाचली तर? म्हणून भाच्याचं नाव, त्याची कंपनी, टर्मिनल यातलं काहीच लिहिलेलं नाही. ओळखीच्यांनीही कमेंटमध्ये लिहू नये, ही विनंती.