दहा प्लायचा मोठा टायर सगळं निभावतो, हा सल्ला मानू नका

हेवी-ड्यूटी पिकअपवाल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘दहा प्लायचा, म्हणजे ई रेंजचा ऑल-टेरेन टायर घ्या, मग वजनाची काळजी नको. बसेल तेवढा मोठा घ्या, मोठा टायर जास्त वजन पेलतो. हवा पन्नासच्या आसपास ठेवा, गाडी मऊ चालते. टायरवर बर्फाचं चिन्ह असलं की हिवाळाही निभावतो. आणि नक्षी जितकी दांडगी, तितकी पकड जास्त.’

(प्लाय म्हणजे टायरच्या अंगातला थर, आणि ऑल-टेरेन म्हणजे डांबर नि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर.) यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकून माणसं हजार-पंधराशे डॉलरचे टायर तर चुकीचे घेतातच, पण त्या टायरांवर चार-पाच टनांचा ट्रेलर जोडून महामार्गावर उतरतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

‘दहा प्लाय म्हणजे वजनाची काळजी नको’

टायरचं अंग सुती कापडाच्या थरांचं असायचं, त्या काळात थर मोजले की ताकद कळायची. आजच्या ई रेंजच्या टायरमध्ये दहा थर नसतात. साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, साधारण दोन किंवा तीन पॉलिएस्टरचे थर, ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली) पोलादी तारांचे दोन पट्टे आणि वर नायलॉन, एवढंच असतं. ‘दहा’ हा आता फक्त दर्जा सांगणारा आकडा उरला आहे. दगडांच्या वाटेवर साइडवॉल फाटण्याची भीती असेल, तर साइडवॉलमध्ये थर दोन आहेत की तीन हे वेगळं विचारावं लागतं. ‘दहा प्लाय’ या शब्दांत त्याचं उत्तर नाही.

रेंजचं अक्षर सांगतं ते असं, की या टायरमध्ये जास्तीत जास्त किती हवा भरून त्यावर किती वजन टाकता येईल. नेहमीच्या एलटी (लाइट ट्रक) मापांत सी म्हणजे ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), डी म्हणजे ६५ आणि ई म्हणजे ८०. एलटी २४५/७५आर१६ हे माप घ्या. ५० पीएसआयला हा टायर १,००० किलो पेलतो, ६५ ला सुमारे १,१९० आणि ८० ला १,३८०. आता खरी गोम पाहा. याच मापाचा ई रेंजचा टायर ५० पीएसआयवर चालवला, तर तोही १,००० किलोच पेलतो, सी रेंजच्या टायरइतकाच. वजन उचलते ती हवा, आणि टायरचं अंग ती हवा धरून ठेवतं. ई रेंजचा टायर जास्त हवा धरू शकतो, पण ती आपण भरली तरच.

सल्ल्यातलं खरं तेवढं मान्य करायला हवं. हेवी-ड्यूटी पिकअपला प्रवासी गाडीचा टायर नको, एलटीच हवा, आणि बहुतेक गाड्यांना ई रेंजच लागते. पण रेंज बघून निवड संपत नाही, तिथून ती सुरू होते.

‘हवा पन्नासच्या आसपास ठेवा’

वरचे आकडे पाहिल्यावर याचं उत्तर वाचकालाच देता येईल. ८० ऐवजी ५० भरली, तर त्या मापात प्रत्येक चाकामागे ३८० किलोची क्षमता गेली, मागच्या ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांच्या आसावर, ७६०. हौदा रिकामा असताना मागची हवा थोडी उतरवण्यात गैर काही नाही. ८० वर रिकामी गाडी उसळते आणि ट्रेड मधोमध झिजतो. त्यासाठी टायर कंपनीचा वजन-हवेचा तक्ता बघावा, आणि माल चढवण्याआधी हवा परत भरावी. अडचण अशी, की ‘मऊ चाल’वाले ती परत भरत नाहीत. ट्रेलर जोडतात आणि निघतात.

मग घात करते ती उष्णता. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकण्यातून रबर तापतं, आणि वजन नि वेग त्यात भर घालतात. रबर आणि पोलादी पट्टे यांची पकड तापल्याने सुटत जाते आणि एखाद्या लांबच्या चढावर ट्रेड सोलून निघतो. ऑल-टेरेनचा ट्रेड जाड असतो, म्हणून तो रस्त्याच्या टायरपेक्षा जास्त तापतो. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, त्यांत वाइल्डरनेस एटी हे टायरही होते. दोष पट्ट्यांच्या रचनेत होता, पण ट्रेड सुटण्याच्या घटना उष्ण राज्यांत जास्त झाल्या. ते टायर ज्या गाड्यांवर होते, त्या हेवी-ड्यूटी पिकअपपेक्षा हलक्या होत्या, हे लक्षात ठेवा.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची. हवामान १० अंश सेल्सिअसने उतरलं, की ८० पीएसआयच्या टायरमधला दाब सुमारे ३ पीएसआयने उतरतो. शरद ऋतूत भरलेली हवा हिवाळ्यात तेवढी राहत नाही.

‘मोठा टायर जास्त वजन पेलतो’

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथे, कारण डोळ्यांना ते खरं वाटतं. साइडवॉलवर मापाच्या शेजारी जो लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याच्या क्षमतेचा सांकेतिक आकडा, असतो तो वाचा. १२१ म्हणजे १,४५० किलो, १२३ म्हणजे १,५५०, १२५ म्हणजे १,६५०. एलटी २७५/७०आर१८ ई या साध्या दिसणाऱ्या मापाचा इंडेक्स १२५ आहे. ३५×१२.५०आर१७ हा भरदार पस्तीस इंची टायर ई रेंजचाच असतो, तरी त्याचा इंडेक्स १२१, कारण त्या मापात कमाल दाब ८० नसून ६५ आहे. म्हणजे उंच, रुंद, महागडा टायर दर चाकामागे २०० किलो कमी पेलतो.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते पाहू. समजा, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,१७५ किलो लिहिली आहे. एकेका चाकावर १,५८८ किलो आले. १२५ इंडेक्सचा टायर त्यात बसतो. १२१ चे दोन टायर मिळून २,९०० किलो पेलतात, म्हणजे गाडी बनवणाऱ्याने दिलेली २७५ किलो क्षमता तुम्ही पैसे मोजून काढून टाकली. फिफ्थ-व्हील, म्हणजे पुढचं टोक पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीवर टेकणाऱ्या, ट्रेलरचं साधारण १५ ते २५ टक्के वजन पिकअपवर येतं. ५,००० किलोच्या ट्रेलरचे २० टक्के धरले तरी हजार किलो, आणि ते जवळजवळ सगळे मागच्या ॲक्सलवर. अंदाजावर राहू नका. भरलेली गाडी ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, मागचा ॲक्सल वेगळा मोजा आणि तो आकडा हातात धरून टायर निवडा. रिमवरही वजनाची आणि दाबाची मर्यादा असते, बाजारातली नवी रिम घेताना तीही तपासा.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. २७५/७०आर१८ ची उंची सुमारे ८४२ मिलिमीटर, पस्तीस इंची टायरची ८८९. म्हणजे साडेपाच टक्के वाढ. स्पीडोमीटरची नोंद बदलून घेतली नाही, तर काटा १०० दाखवताना गाडी १०५ च्या पुढे असते. ३.७३ चा ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीमागे ड्राइव्हशाफ्टच्या फेऱ्या) जणू ३.५३ होतो, आणि ओढताना इंजिन नि गिअरबॉक्स दोघांनाही ते जाणवतं.

‘बर्फाचं चिन्ह असलं की हिवाळा निभावला’

चिन्हं दोन आहेत आणि लोक ती एकच समजतात. ‘एम+एस’ हे फक्त नक्षीच्या ठेवणीवरून मिळतं, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरांतल्या हिमकणाचं चिन्ह मात्र चाचणीने मिळतं: दाबल्या गेलेल्या हिमावर वेग घेताना टायरने ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त ओढ दाखवायची. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी फक्त हेच चिन्ह चालतं, ते उगाच नव्हे. पण वाक्य पुन्हा वाचा: वेग घेताना, हिमावर. गोठलेल्या निसरड्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर काय होईल, हे ती चाचणी विचारत नाही. चार टनांच्या गाडीचा प्रश्न निघण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. महिनोन्‌महिने बर्फात राहणाऱ्याने हिवाळी टायरचा वेगळा संच ठेवावा, आणि त्यातही लोड इंडेक्स सोडू नये.

‘नक्षी दांडगी, पकड जास्त’

चिखलात, हो. मोकळ्या खाचांतून चिखल बाहेर फेकला जातो. ओल्या डांबरावर उलट होतं: मोठ्या खाचा म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि नक्षीतले रबराचे उंच ठोकळे ब्रेक मारताना वाकतात. आवाज आणि इंधन वेगळं. ज्याची गाडी वर्षभर महामार्गावर ट्रेलर ओढते आणि कधीमधी कच्च्या रस्त्याने साइटवर जाते, त्याला बारीक चिरा असलेला सौम्य ऑल-टेरेन पुरतो. कित्येकांना तर एलटी मापाचा रस्त्याचाच टायर जास्त शोभेल. ट्रेडवेअरचा, म्हणजे ट्रेड किती टिकेल हे सांगणारा, आकडा शोधत बसू नका. अमेरिकेतली ती प्रतवारी प्रवासी गाड्यांच्या टायरसाठी आहे, एलटीला ती लागू नाही.

मागे जोडचाकं असलेल्या गाडीबद्दल तो सल्ला काहीच बोलत नाही, आणि रुंद टायरचा सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. १२१/११८ मधला दुसरा आकडा जोडचाकांसाठी असतो: ११८ म्हणजे दर टायरला १,३२० किलो. रुंद टायर घातले तर वजनाखाली फुगलेले दोन साइडवॉल एकमेकांना घासतात आणि आतल्या बाजूचं ते घासणं बाहेरून दिसत नाही. जोडीतले दोन टायर एकाच उंचीचे हवेत, नाहीतर उंच टायरवर जास्त वजन येतं आणि दुसरा रस्त्याला घासत फिरतो. आतल्या टायरची हवा मोजायला हात नीट पोहोचत नसेल, तर व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या.