तारीख माहीत असती तर आलो असतो का भाऊ

आजीच्या वडिलांच्या मृत्यूची नोंद शोधायला सरकारी कचेरीत आज सहावी चक्कर. सहावी! आणि खिडकीतल्या साहेबांचं पुन्हा तेच, मृत्यूची तारीख सांगा, मग रजिस्टर काढतो. अरे बापा, तारीख माहीत असती तर अर्धी सुट्टी टाकून, ४५ डिग्रीत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून नागपूरच्या इतवारीतून इथं कशाला आलो असतो मी?

त्याच्या आधीचा प्रश्न तर भारीच. "कशासाठी पाहिजे? जातीची व्हॅलिडिटी?" नाही म्हटलं. "मग शेतीचा वाद?" तोही नाही. आजीचे वडील कोण होते, कसे गेले ते पाहायचंय म्हटलं तर तो माणूस माझ्याकडे असा पाहून राहिला जसं काही मी त्याची किडनी मागितली. अर्जात कारणाचा रकाना आहे आणि त्यात "असंच" लिहिलेलं चालत नाही. रांगेतले बाकी सगळे १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा शोधायला आलेले, त्यांचंही बरोबर आहे, पोराची ॲडमिशन अडकलेली असते. पण आपलं माणूस शोधायला काय कोर्टाची नोटीसच यावी लागते का?

जनगणनेत तर आशाच सोडा. इंग्लंडने १९२१ ची जनगणना १०० वर्षांनी, २०२२ मध्ये घराघराच्या नावानिशी उघडली. आपल्याकडे १९४८ च्या कायद्यातच लिहून ठेवलंय की जनगणनेचं रेकॉर्ड कोणाला पाहता येणार नाही. म्हणजे उरलं काय, तर कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहायचा ते.

तर तारीख. आजीला विचारलं. म्हणे, गांधीजी गेले त्याच्या आदल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याला, मी लाकडी नंदी घेऊन फिरून राहिली होती अन् मले घरी बोलावलं. घ्या! याहून पक्की तारीख काय पाहिजे? मी १९४७ चं पंचांग शोधलं, पोळ्याची अमावस्या काढली, दुसरा दिवस धरला, अर्ज दिला, कोर्ट फीचं तिकीट लावलं. पंधरा दिवसांनी उत्तर काय, तर "सदर दिनांकास नोंद आढळून येत नाही". त्याच दिवसाला नाही! एक पान पुढे उलटायला काय जोर लागतो का?

शेवटी आज एका म्हाताऱ्या शिपाईकाकांना दया आली. ते रजिस्टर म्हणजे काय सांगू, चहाच्या रंगाचं पान, कडा कुरतडलेल्या, मधे कुणीतरी सेलोटेप लावलेला आणि नेमकी त्या टेपखालची शाई उडालेली. नोंद पाच दिवसांनंतरची निघाली. "गनपत वल्द तुकाराम", म्हणजे तुकारामचा मुलगा गनपत. आडनाव नाहीच. आम्ही घरी गणपतराव म्हणतो, इथं गनपत, दुसऱ्या एका पानावर गणप्या. मरणाचं कारण, बुखार. नागपूर तेव्हा मध्यप्रांतात, तिथलं रजिस्टर ना, मराठीत मधेच हिंदी. त्याच्या वरच्या चार ओळींतही बुखारच. हिवताप होता का टायफॉइड का आणखी काही, कोतवालाला कोण सांगणार होतं म्हणा, त्याला माफ आहे. एम्प्रेस मिलमध्ये राबलेला माणूस, नंतर ती मिल बंद पडली, तिथं आता मॉल आहे, आणि माझ्या हातात काय तर दीड ओळ. तिचाही फोटो काढू देत नाहीत. नक्कल हवी तर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तिकीट!

जाता जाता काकांनी आजीच्या जन्माचं पानही काढून दिलं, कारण आधारवर तिची तारीख १ जानेवारी आहे, तिच्या वयाच्या अर्ध्या लोकांची असते तशी. नोंद सापडली. "गनपत वल्द तुकाराम यास एक मुलगी झाली." बस. पोरीचं नाव नाही, आणि जिने जन्म दिला तिचं तर रकान्यातच नाव नाही. पणजीचं नाव कुठल्याच पानावर नाही, जशी काही पाचही लेकरं एकट्या गनपतला झाली.

घरी येऊन आजीला सांगितलं, तुझा कागद सापडला. ती म्हणे, माझं नाव हाये त्यात? नाही म्हटलं.

"मंग इतले दिवस कोन्या पोरीचा कागद शोधून राहिला होता बे तू?"