‘एक लिटर पाण्यात’ की ‘एक लिटरपर्यंत’?

नमस्कार. द्रावणं कशी करायची यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: 58.44 ग्रॅम मीठ एक लिटर पाण्यात टाकलं की 1 मोलर (म्हणजे लिटरला रेणुभाराइतके ग्रॅम) द्रावण झालं, ‘एक लिटरपर्यंत पाणी घाला’ हा शब्दांचा कीस. घरचं मीठ चालत नाही हे थोतांड. आणि बागेत बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण तुम्ही अंदाजानंच करता, काही बिघडत नाही.

मिठाचं आधी मान्य करतो. अंडं तरंगवायला, बल्ब पेटवून दाखवायला घरचं मीठ पुरतं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात जे घालतात त्यानं द्रावण जरा गढूळ दिसतं, एवढंच. ‘चालणार नाही’ असं मी सरसकट लिहिलं ते चुकलं. दुरुस्त करतो.

कीस मात्र मागे घेत नाही. मोलरचा हिशेब एक लिटर द्रावणाचा, पाण्याचा नव्हे. मीठही जागा घेतं. 1 मोलरच्या एक लिटर द्रावणात पाणी साधारण 980 मिलीलिटरच असतं. तुमच्या पद्धतीनं द्रावण सुमारे 2 टक्के पातळ होईल. शाळेच्या तराजूला ते कळणारही नाही, कबूल. म्हणूनच सवय लावायची ती इथेच: मीठ चंचुपात्रात थोड्या पाण्यात विरघळवा, चंबूत ओता, चंचुपात्र विसळलेलं पाणीही त्यातच, मग मानेवरच्या खुणेपर्यंत थेंबाथेंबानं भरा.

खरा घोळ मोरचुदात (कॉपर सल्फेटमध्ये) होतो, आणि तो मूळ लेखात यायलाच हवा होता. निळ्या खड्यांत स्फटिकजल असतं, म्हणून रेणुभार 249.7, पांढऱ्या निर्जल भुकटीचा 159.6. कॉलेजच्या पहिल्या वर्षी 0.1 मोलर द्रावण करताना मी वजन केलं निळ्या खड्यांचं आणि हिशेब धरला भुकटीचा. ते टायट्रेशननं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून दुसरं द्रावण थेंबथेंब सोडून, तपासताना 0.1 मोलर थायोसल्फेट 10 मिलीलिटर लागायचं, तिथे 6.4 मध्येच रंग गेला. तीनदा. रंग दाखवणाऱ्या स्टार्चला नावं ठेवून झाली, ब्युरेटला ठेवून झाली, मग कुठे लेबल वाचलं.

बोर्डोबद्दल वाद नाही. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. तिथे चंबू घेऊन कोण बसेल? पण चुना कमी पडला तर पानं करपतात, म्हणून मिश्रणात विळा बुडवून बघतातच ना? पात्यावर तांबूस थर दिसला की चुना वाढवायचा. तुम्हीही हे करत असणार. मग अंदाज कसला, तुमची चाचणी माझ्या टायट्रेशनपेक्षा झटपट आहे.