बुद्ध म्हणे ग्रीकांनी घडवला!

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. गांधारच्या (म्हणजे आजच्या पेशावर-तक्षशिला भागातल्या) बुद्धमूर्तीचा फोटो आणि खाली, पहिली बुद्धमूर्ती अलेक्झांडरच्या ग्रीक कारागिरांनी केली, त्याआधी भारतात दगडात मूर्ती करताच येत नव्हती, चेहरा बघा, ग्रीक देव अपोलोच!

आधी तारखा बघू. अलेक्झांडर पंजाबात इ.स.पू. ३२६ ला आला आणि लगेच परतलाही. गांधारच्या बुद्धमूर्ती इसवीच्या पहिल्या शतकापासूनच्या, बहर कुषाण राजांच्या काळातला. मधे तीनशेच्या वर वर्षं, म्हणजे शिवकाळातल्या पाथरवटाने आत्ता तुमच्या सोसायटीचं गेट बांधलं म्हणण्यासारखंच की.

करता येत नव्हतं म्हणे. भरहुत, सांचीच्या त्याहून जुन्या स्तूपांवर हत्ती, यक्षी, अख्ख्या मिरवणुका कोरल्यात, फक्त बुद्धाच्या जागी रिकामं आसन, पावलं नाहीतर बोधिवृक्ष. एवढं कोरणाऱ्यांना एक माणूस जमला नसता का?

आणि 'पहिली' कशावरून? त्याच सुमारास मथुरेत ठिपक्यांच्या लाल दगडात रुंद खांद्यांचा, एक खांदा उघडा असलेला बुद्ध घडत होताच. भिक्खू बल याने मथुरेची अशी एक मूर्ती सारनाथला बसवली, तिच्यावर कुषाण राजा कनिष्काच्या राज्याचं तिसरं वर्ष कोरलंय. आधी गांधार की मथुरा यावर फूशे आणि आनंद कुमारस्वामी या कला-अभ्यासकांपासून वाद चाललाय, फॉरवर्डवाल्यांनी तो एका ओळीत मिटवला.

चेहऱ्याचं मात्र थोडं खरंय. कुरळे केस, वस्त्राच्या जाड चुण्या बाहेरूनच आल्या, पण त्यातलं बरंचसं रोमन वळणाचं, कारण तेव्हा रोमशी व्यापार जोरात होता. बाकी लांब कानाच्या पाळ्या, भुवयांमधला ठिपका म्हणजे ऊर्णा, पद्मासन, अभयमुद्रा... अपोलो कधी मांडी घालून बसलेला बघितलाय का?

आता 'सगळं शंभर टक्के आपलंच' म्हणणाऱ्या काकांनी पण हसू नये. गांधारच्या काही शिल्पांत बुद्धाचा रक्षक वज्रपाणी सिंहाचं कातडं पांघरून उभा असतो, तो सरळसरळ ग्रीक वीर हेराक्लीस, फक्त गदेच्या जागी हातात वज्र. कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर बुद्ध आहे आणि बाजूला ग्रीक अक्षरांत 'बोद्दो'. कुषाण स्वतः मध्य आशियातले, मग यातलं कुठलं काढून टाकणार?

लांब कशाला, लोणावळ्याला जाताच ना, मग कार्ल्याची लेणी चढा. चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची (तेव्हा ग्रीकांना, परदेशींना यवन म्हणत) दानं कोरलीत, एकाचं नाव चक्क धम्म. पैसा यवनांचा आणि वर हत्तींवर बसलेली जोडपी मात्र पार इथलीच.