‘७५ टक्के माणसं मेंढरं असतात’ : अ‍ॅशच्या प्रयोगाच्या नावावर काय काय खपवलं जातं

व्हॉट्सॲपवर गेली काही वर्षं एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : १९५१ साली अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने रेघांची लांबी ओळखण्याचा प्रयोग केला. खोलीतल्या सगळ्यांनी चुकीचं उत्तर दिलं की ७५ टक्के माणसं डोळ्यांना दिसतं ते सोडून गर्दीवर विश्वास ठेवतात. गर्दी जितकी मोठी, तितका माणूस लवकर वाकतो. जगात कुठेही, कधीही करा, निकाल हाच. म्हणजे माणूस मुळात मेंढरू.

प्रयोग खरा आहे आणि सालही बरोबर आहे. बाकीचं एकेक करून तपासू. त्याआधी प्रयोगाची मांडणी नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घोळ ती गाळल्यामुळे होतो.

एका खोलीत सात ते नऊ कॉलेजविद्यार्थी ओळीने बसलेले असत, सगळे मुलगे. समोर दोन कार्डं. एकावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीइतकी कोणती, हे बसलेल्या क्रमाने मोठ्याने सांगायचं. त्यातला एकच खरा, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे तो. बाकीचे आधी पढवून ठेवलेले. खऱ्याची जागा शेवटची किंवा शेवटून दुसरी, म्हणजे त्याच्या आधी बहुतेकांची उत्तरं येऊन गेलेली असत. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळे बरोबर बोलत. तिसऱ्या फेरीला पढवलेले एकमुखाने चुकत. एकूण १८ फेऱ्या, त्यातल्या १२ चुकीच्या. फरक डोळ्यांत भरणारा असे : मूळ रेघ ३ इंचांची आणि बहुमताची निवड ३¾ इंचांची, अशा धर्तीचा. एकटं बसवून उत्तरं लिहून घेतलेल्या ३७ जणांपैकी ३५ जण एकदाही चुकले नाहीत.

‘७५ टक्के लोक गर्दीचं ऐकतात’

हा आकडा ‘१२ पैकी निदान एकदा’ चुकलेल्यांचा आहे. अकरा वेळा ठामपणे बरोबर बोलून एकदा डगमगलेला मुलगाही त्यात मोजला जातो. अ‍ॅशने १९५६ साली १२३ जणांचे निकाल सविस्तर छापले. त्यात चुकीच्या फेऱ्यांमधली ३६.८ टक्के उत्तरं बहुमताच्या बाजूने गेली. म्हणजे दर तीन उत्तरांपैकी जवळपास दोन, अख्खी खोली विरोधात असताना, बरोबर आली. सुमारे एक चतुर्थांश मुलं एकदाही हलली नाहीत. प्रत्येक वेळी री ओढणारे जेमतेम ५ टक्के. ‘निदान एकदा’ हीच पट्टी उलटी लावली तर ९५ टक्के मुलांनी निदान एकदा बहुमताला तोंडावर नाकारलं, असंही तितक्याच खरेपणाने म्हणता येतं. तो मजकूर कोणी पुढे पाठवत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ३६.८ टक्के हा आकडा लहान नाही. समंजस, सद्हेतूची तरुण मुलं पांढऱ्याला काळं म्हणायला तयार होतात याची खुद्द अ‍ॅशला चिंता वाटली होती आणि ती त्याने १९५५ साली लिहूनही ठेवली. दबाव खोटा होता असं आमचं म्हणणं नाही. दबाव कधी चालतो आणि कधी मोडतो हे त्याने मोजलं होतं, आणि नेमकं तेच गाळलं जातं.

‘डोळ्यांवरचा विश्वास उडतो’

प्रयोगानंतर अ‍ॅश प्रत्येकाशी बोलत असे. रेघ खरोखर तशीच दिसली म्हणणारे फार थोडे निघाले. वाकलेल्यांपैकी बहुतेकांना स्वतःला दिसलेलं वेगळंच होतं, पण ‘एवढे सगळे चुकतील कसे, माझ्याच नजरेत काही खोट असेल’ असं त्यांनी धरलं. काहींना आपलं बरोबर आहे हे पक्कं ठाऊक होतं. फक्त वेगळं दिसायचं नव्हतं. या तिघांना एकाच पोत्यात घालणं चूक आहे. पहिला फसला आहे, दुसरा शंकेत आहे, तिसरा गप्प बसला आहे. खऱ्याने उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचं, एवढा एकच बदल केल्यावर चुका १२.५ टक्क्यांवर आल्या. गुप्त मतदानाचं महत्त्व सांगायला याहून साधा पुरावा नको.

‘गर्दी मोठी, तसा दबाव मोठा’

इथे मजकूर सपशेल चुकतो. विरोधात एकच जण असेल तर चुका नगण्य. दोन असतील तर सुमारे १३.६ टक्के, तीन झाले की ३१.८. तिथून पुढे माणसं वाढवली तरी आकडा फारसा हलत नाही.

संख्येपेक्षा जास्त वजन एकमुखीपणाला आहे. पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, तेव्हा चुका आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. तो फुटलेला माणूस बरोबरच असायला हवा असंही नाही : त्याने बहुमतापेक्षाही वाईट उत्तर दिलं, तरी चुका ९ टक्क्यांपर्यंत घसरल्या. एका मांडणीत हा सोबती सहा फेऱ्यांनंतर उलटून बहुमताला मिळाला. लगेच चुका २८.५ टक्के. पण तोच सोबती काही निमित्ताने खोलीबाहेर निघून गेला, तर चुका वाढूनही त्यामानाने कमी राहिल्या. उलटलेला साथीदार आणि निघून गेलेला साथीदार यांत केवढा फरक आहे, हे या प्रयोगातलं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं.

‘कुठेही, कधीही हाच निकाल’

१९८० साली ब्रिटनमध्ये पेरिन आणि स्पेन्सर यांनी अभियांत्रिकी, गणित आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला. ३९६ फेऱ्यांपैकी बहुमताच्या बाजूने गेली फक्त एक. मात्र त्याच जोडीने परिवीक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली) सुटलेल्या तरुणांना परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या गटात बसवलं, तेव्हा आकडे अ‍ॅशच्या जवळ गेले. समोर कोण बसलंय आणि चुकल्याची किंमत कोण मोजणार, यावर निकाल फिरतो. १९९६ साली बाँड आणि स्मिथ यांनी १७ देशांतले १३३ अभ्यास एकत्र तपासले : अमेरिकेत १९५० नंतर हे प्रमाण उतरत गेलेलं, आणि समूहनिष्ठ संस्कृतींत जास्त. उलट २०२३ साली स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा केलेल्या प्रयोगात चुका ३३ टक्के निघाल्या, बरोबर उत्तराला पैसे ठेवल्यावर २५. म्हणजे ‘आता कोणी वाकत नाही’ हा उलटा निष्कर्षही टिकत नाही.

‘माणूस मेंढरू हे अ‍ॅशने सिद्ध केलं’

त्याची अपेक्षाच याच्या विरुद्ध होती. मुझफर शेरिफ या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात अंधाऱ्या खोलीत हलल्यासारखा भासणारा ठिपका दाखवून माणसं एकमेकांच्या अंदाजाकडे झुकतात हे दाखवलं होतं. तिथे खरं उत्तरच नव्हतं. अ‍ॅशचा प्रश्न होता : खरं उत्तर लख्ख समोर असेल तर?

मानसशास्त्राच्या शिक्षकांसाठी थोडं. हा प्रयोग वर्गात फसतो तो ठरावीक कारणांनी. पढवलेली मुलं हसतात. पहिल्याच फेरीपासून चुकीचं बोलून संशय ओढवून घेतला जातो. खऱ्याला पहिल्या क्रमांकावर बसवलं जातं. रेघांतला फरक इतका बारीक ठेवतात की एकटा माणूसही चुकेल. म्हणून आधी दहा-बारा जणांकडून तीच कार्डं एकेकट्याने सोडवून घ्या. प्रयोग संपल्यावर खऱ्याला लगेच, त्याच बैठकीत, सगळं उलगडून सांगा. आणि फळ्यावर निकाल लिहिताना ‘किती जण वाकले’ असा एक आकडा न लिहिता प्रत्येकापुढे १२ पैकी किती वेळा, ते लिहा.