एमू कुणाचा, गोष्ट कुणाची

दर डिसेंबरात भारतातून ओळखीचं कुणी ना कुणी सिडनीला येतं. ब्लू माउंटन्सला जातं, काटूम्बाच्या कठड्यावर उभं राहून 'थ्री सिस्टर्स' नावाच्या तीन सुळक्यांसोबत फोटो काढतं आणि खाली ती गोष्ट चिकटवतं. मीनी, विम्ला आणि गुनेडू या तीन बहिणी. परक्या टोळीतल्या तीन भावांवर त्यांचा जीव जडला. जमातीच्या कायद्यात ते लग्न बसेना, लढाई पेटली. मुली सुखरूप राहाव्यात म्हणून मांत्रिकाने त्यांना दगड करून ठेवलं आणि तो स्वतःच लढाईत मेला. आता उलटा मंत्र म्हणणार कोण? मग तात्पर्य: नियम मोडले की असं होतं. त्याखाली बदाम, टाळ्या आणि 'किती सुंदर संस्कृती!'

गोष्ट छान आहे. फक्त ती ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांची नाही. अभ्यासकांनी तिचा माग काढला तेव्हा तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका शाळकरी मुलीने लिहिलेल्या कथेपाशी जाऊन थांबला. पर्यटकांना आवडली, फलकांवर चढली, झाली 'प्राचीन'. त्या डोंगरातल्या गुंडुंगुरा लोकांची स्वतःची कथा वेगळीच आहे. अर्धा मासा, अर्धा सरपटणारा असा गुरंगाच आणि त्याच्या मागे हात धुऊन लागलेला शिकारी मिरागन. त्या पाठलागात गुरंगाच जमीन उकरत पळाला आणि तिथल्या दऱ्या, नद्या तयार झाल्या. ही गोष्ट कुणी फोटोखाली टाकत नाही. तिच्यात प्रेमप्रकरण नाही आणि पटकन सुटं करून हातात देता येईल असं तात्पर्यही नाही.

बहिणींचीच गोष्ट हवी असेल तर सात बहिणींची घ्या ना! ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम आणि मध्य वाळवंटात शेकडो किलोमीटर पसरलेली आहे. न्यिरू नावाचा पुरुष या बहिणींच्या मागे लागतो. नात्याच्या नियमांनी त्या त्याला वर्ज्य आहेत, तरी तो थांबत नाही. कधी सावलीचं झाड होतो, कधी साप होतो. बहिणी पळतात, जिथे थांबतात तिथे पाणवठा तयार होतो, आणि शेवटी आभाळात जातात. आपण त्यांना कृत्तिका म्हणतो. न्यिरू अजून मागेच आहे, मृग नक्षत्राच्या जागी. अंगावर काटा आला मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, कारण आपल्याकडेही मृगाची गोष्ट पाठलागाचीच आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती मृगरूपाने स्वतःच्या मुलीच्या, म्हणजे रोहिणीच्या मागे लागतो, आणि देवांनी उभा केलेला रुद्र त्याला बाण मारतो. दोन्हींचं मूळ एकच असं मी म्हणत नाहीये (असले फॉरवर्ड पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको). पण बाईच्या मागे लागलेल्या पुरुषाला सगळ्यांना दिसेल असं आभाळात टांगून ठेवायचं, हे दोन्हीकडे सुचलं खरं.

माझं म्हणणं असं आहे. ससा-कासव, माकड-मगर ऐकत वाढलेले आपण लोक. गोष्ट संपली की तात्पर्य विचारायचं, ते पाठ झालं की गोष्ट विसरली तरी चालते. अ‍ॅबोरिजिनल कथांना ही सवय लावली की त्यांचं भरीत होतं. त्यांच्यात शिकवण नाही असं अजिबात नाही, ठासून भरलेली आहे. पण ती एका जागेला, एका प्राण्याला आणि सांगणाऱ्या माणसाच्या हक्काला बांधलेली असते. ती सोडवून घेतली की हातात उरतं 'लोभ करू नये', जे आपल्याला आधीपासून माहीत होतं.

मी अ‍ॅडलेडला राहते. इथून तास-दीड तासावर मरे नदी समुद्राला मिळते. अलेक्झांड्रिना सरोवर, कूराँगची लांबच लांब खाजणं, हा सगळा न्गारिंजेरी लोकांचा मुलूख. त्यांची थुकेरीची गोष्ट माझी लेक शाळेतून ऐकून आली.

दोन दोस्त सरोवरावर मासे धरायला गेले. थुकेरी हा रुपेरी मासा, चवीला अप्रतिम. इतके मिळाले की होडी भरली. तेवढ्यात लांबून एक अनोळखी माणूस येताना दिसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मासे चटयांखाली दडपले. तो आला, म्हणाला, भूक लागलीय, थोडे मासे द्याल का? एकजण म्हणाला, नाही हो, आज काहीच मिळालं नाही. दुसरा म्हणाला, मिळाले ते घरच्या म्हाताऱ्यांना पुरतील एवढेच. तो माणूस जाताना एवढंच म्हणाला की खोटं बोललात, आता हा मासा तुम्हाला पुन्हा गोड लागायचा नाही. घरी येऊन मासे साफ करायला घेतले तर आत बारीक बारीक काट्यांचं जंगल! खाताच येईना. म्हाताऱ्यांनी ऐकलं आणि सांगितलं, तो न्गुरुंडेरी होता. ज्याने ही नदी घडवली तो.

थुकेरी आजही आहे. इंग्रजीत त्याच्या नावातच हाडं आहेत: 'बोनी ब्रीम'. चांदीसारखा, पाठीच्या परामागे एक लांब दोरा लोंबणारा. आपल्या पाला माशाच्या (हिलसाच्या) दूरच्या नात्यातला, आणि काट्यांच्या बाबतीत त्याचाच भाऊ शोभेल. आज तो पकडतात तो मुख्यतः शेवंडाला आमिष म्हणून लावायला. म्हणजे शाप अजून चालू आहे. त्या मुलखातल्या पोराला ही गोष्ट कळली की पुढे आयुष्यभर थुकेरी ताटात आला, की गोष्ट घशाशी येते. तात्पर्य सांगायची गरजच नाही, काटा सांगतो.

पण याच न्गुरुंडेरीची दुसरी गोष्ट सांगितली की आपली पंचाईत होते. त्याच्या दोन बायका पळून गेल्या होत्या. त्यांनी बायकांना वर्ज्य असलेला मासा भाजून खाल्ला, वास न्गुरुंडेरीपर्यंत गेला, तो मागावर निघाला. त्या कांगारू बेटाकडे चालत निघाल्या असताना त्याने समुद्राला चढायला सांगितलं. दोघी बुडाल्या आणि त्यांचे खडक झाले. मुख्य भूमी आणि कांगारू बेट यांच्यामधल्या खाडीत ती बेटं आजही दिसतात.

"फक्त मासा खाल्ला म्हणून?" लेकीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी बनवलंही नाही. मला ती गोष्ट बोचते. बोचू दे. दुसऱ्याचा कायदा आपल्या मनासारखाच असावा असा हट्ट कशाला? आणि त्याच गोष्टीत एक भलतीच गोष्ट दडलेली आहे: 'चालत निघाल्या'. आज तिथे खवळलेला समुद्र आहे, फेरीबोट चालते. पण हिमयुग सरताना समुद्र चढला त्याआधी, साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, तिथून खरंच चालत जाता येत होतं. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या संशोधकांनी २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या अशा कथा एकत्र मांडल्या आणि म्हटलं की ही चढत्या समुद्राची आठवण असू शकते, सात हजार वर्षांहून जुनी. यावर वाद आहेत, असणारच. तरी 'बायकांनी मर्यादा पाळावी' असं तात्पर्य काढून ही कथा मिटून टाकली असती तर समुद्राचं चढणं त्यातच बुडालं असतं.

टिडालिक बेडकाचं तेच झालंय. इथल्या मुलांना तो तोंडपाठ. गिप्सलँडच्या गुनाईकुरनाई लोकांचा हा बेडूक सगळं पाणी पिऊन बसतो, प्राणी त्याला हसवायचा प्रयत्न करतात, शेवटी ईल माशाचा वेडावाकडा नाच बघून तो हसतो आणि पाणी बाहेर पडतं. चित्रांच्या पुस्तकात इथे समाप्त. मूळ कथेत त्या पाण्याने पूर येतो, कितीतरी जीव बुडतात, पुढे पेलिकनची होडी, फसवणूक, राग, बरंच काही आहे. ते मुलांना नको म्हणून कापलं. असो.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तिकडे येते.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी तिथले अनांगू लोक लुंगकाटाची गोष्ट सांगतात. लुंगकाटा हा निळ्या जिभेचा सरडा-पुरुष. त्याला एक जखमी एमू सापडला. अंगात दुसऱ्यांचा भाला रुतलेला, म्हणजे शिकार कुणाची ते उघड होतं. तरी त्याने तो मारला आणि खायला बसला. शिकारी मागावर आले, त्यांनी विचारलं, आमचा एमू बघितलास का? हा म्हणाला, नाही बुवा. ते पुढे गेले, पण माग वाचणाऱ्यांपासून काय लपणार? ते परत फिरले. लुंगकाटा मांसाचे तुकडे सांडत उंच कपारीतल्या आपल्या गुहेकडे पळाला. पोट भरलेलं, पळवेना. त्यांनी खाली जाळ केला. धुराने गुदमरून तो गडगडत खाली आला, आणि त्याच्या भाजलेल्या कातडीचे डाग खडकावर राहिले. तुम्ही तिथे उभे राहिलात की डाग दाखवतात.

आणि हे लक्षात घ्या, पर्यटकांना सांगतात ती बालवाडीची आवृत्ती. अनांगू मुलांना जेवढं सांगतात तेवढंच आपल्याला. पुढचं कळायला वय लागतं, दीक्षा लागते, काही पुरुषांनाच कळतं, काही बायकांनाच. म्हणूनच खडकाच्या काही भागांत फोटो काढू नका असे फलक आहेत. २६ ऑक्टोबर २०१९ पासून उलुरूवर चढणं कायमचं बंद झालं, तेव्हा आपल्या एका ग्रुपवर 'एवढ्या लांब येऊन चढायचं पण नाही?' अशी कुरकुर झाली होती. पादत्राणं बाहेर काढून गाभाऱ्याबाहेर हात जोडणारी माणसं आपण, आपल्याला हे समजायला इतकं जड का जावं?

तर, दुसऱ्याची शिकार खाणारा लुंगकाटा. ही गोष्ट वाचताना मला डेव्हिड उनायपॉन आठवतो. १८७२ साली जन्मलेला न्गारिंजेरी माणूस. मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्रात सुधारणा केली, १९०९ साली पेटंटसाठी अर्ज केला. प्रवचनं द्यायचा, बायबल आणि मिल्टनची भाषा त्याच्या लिखाणात ठायी ठायी. १९२०च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियात फिरून त्याने कथा गोळा केल्या आणि सिडनीच्या प्रकाशकाला लिहून दिल्या. प्रकाशकाने ते हस्तलिखित विकलं. घेणारा होता विल्यम रॅम्से स्मिथ, अ‍ॅडलेडचा डॉक्टर आणि कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. १९३० साली लंडनला जाडजूड पुस्तक आलं, त्यावर स्मिथचं नाव. उनायपॉनचं नाव कुठेच नाही.

हा स्मिथ कोण, तेही सांगते. टॉमी वॉकर नावाचा न्गारिंजेरी माणूस अ‍ॅडलेडच्या रस्त्यांवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. १९०१ साली तो वारला, अंत्यविधी झाला, आणि १९०३ साली उघडकीला आलं की त्याचा सांगाडा स्मिथने एडिंबरोला पाठवून दिलाय. चौकशी झाली. स्मिथची नोकरी टिकली. ज्यांची हाडं नेली त्यांच्याच कथा सत्तावीस वर्षांनी स्वतःच्या नावावर! इथे खडकावर डागही पडला नाही.

उनायपॉन पूर्ण निर्दोष कथाकार होता असंही नाही. त्याच्या कथांवर ख्रिस्ती प्रवचनाचा रंग आहे, इतर जमातींच्या कथाही त्याने आपल्या पद्धतीने सजवल्या आहेत. त्यावर त्याच्याच लोकांनी बोलावं. पण ते बोलायला आधी पुस्तकावर त्याचं नाव तर हवं.

१९९५ पासून तो ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर आहे. आपण वाण्याला ती नोट देतो तेव्हा त्याचाच चेहरा देत असतो. पुस्तक मात्र त्याच्या नावाने यायला २००१ साल उजाडलं, म्हणजे तो गेल्यानंतर ३४ वर्षं. या कथा वाचायच्या असतील, मुलांना भेट द्यायच्या असतील तर ती आवृत्ती शोधा, लेखकाच्या जागी उनायपॉन लिहिलंय ना ते बघून घ्या. कारण १९३०चं ते पुस्तक नव्या मुखपृष्ठासह अजून छापलं जातं, ऑनलाइन सहज मिळतं, आणि त्यावर अजून स्मिथचंच नाव आहे.